गरम झाल्यावर आणि गरम झाल्यामुळे

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण कारण म्हणजे काय, हा प्रश्न बराच ताणला. आज मोडनिंबमध्ये बसलो आहोत, बाहेर पुणे-सोलापूर रस्त्यावरून गाड्यांची घरघर ऐकू येतेय, तेव्हा आज ग्रंथांपेक्षा ट्रककडे अधिक वळू. प्रश्न असा: जुना डिझेल ट्रक थंड असताना छान चालतो, गरम झाला की बंद पडतो. का?

आमच्या घरात ऐंशीच्या दशकात एक जुनी टाटा १२१० होती. टाटांचा डेमलर-बेंझशी १९५४ साली झालेला करार १९६९ मध्ये संपला, पण आमचे दादा तिला शेवटपर्यंत 'बेंझ'च म्हणत. त्या ट्रकवर घर चालायचे. मोडनिंबहून कांदा भरून सोलापूरच्या बाजार समितीत न्यायचा, बहुधा रिकामेच परत यायचे. एका हंगामात गाडीला खोड लागली. मोहोळ गाठायच्या आत आचके द्यायची आणि बंद पडायची. बोनेट उघडून अर्धा तास थांबले, हातपंप मारून एअर काढली की पुन्हा चालू. परतीला काही नाही.

दादा म्हणायचे, "लेका, इंजिन तापलं की बसतंय बघ." सगळ्यांना पटले. आम्हालाही पटले, आणि आम्ही त्या वेळी कार्यकारणभावावरच प्रबंध लिहीत होतो, हे इथे कबूल करायला हवे. मिस्त्री म्हणाले, पंप गेला. आईच्या पाटल्या मोडल्या, पंप उतरवला, दुरुस्त करून परत बसवला. तिसऱ्या खेपेला गाडी पुन्हा त्याच पट्ट्यात उभी. आता इंजिनच खोलायचा सल्ला मिळाला. म्हणजे गाडी विकण्याचीच वेळ.

नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद पडले की टाकीत उरलेल्या हवेवरच ब्रेक लागायचे, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की ती कमी होते. पाठीवर कांद्याचा भार असताना हा हिशोब फार लवकर संपतो.

आता डिझेल इंजिनाला लागते काय? हवा, दाब आणि वेळेवर मोजके डिझेल. पेट्रोलच्या जुन्या गाडीत कॉइल तापते, पेट्रोलची वाफ होऊन ते अडते. इथे ठिणगीची भानगडच नाही. त्यामुळे गाडी अचानक बंद पडून थोड्या वेळाने चालू होत असेल, तर पहिला संशय डिझेलच्या वाटेवर घ्यायचा: टाकी, नळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, याच क्रमाने. स्वस्तापासून महागाकडे. आम्ही उलटे गेलो.

उत्तर सापडले ते आमच्या क्लीनरला. पोराने बंद पडलेल्या गाडीत डिझेल किती आहे ते काडी घालून बघायला टाकीचे झाकण फिरवले, आणि जोरात 'फुस्स' झाले. हवा बाहेर आली नाही, आत गेली!

टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक वाट असते. डिझेल जितके खर्च होते तितकी हवा आत यावी लागते. आमचे मूळ झाकण चोरीला गेले होते. त्या जागी दुसरे, घट्ट रबराचे बसवले होते, आणि त्याचे भोक रंगाने बुजलेले. आता आकडे बघा. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर समजा ५ लिटर हवा उरली. मोहोळच्या अलीकडे येईतो ६ लिटर डिझेल जळले. त्या ५ लिटर हवेला ११ लिटरची जागा व्यापावी लागते. दाब निम्म्याच्याही खाली येतो. मग फीड पंपाने ओढायचे तरी किती? पण वर २० लिटर हवा असेल, तर तेच ६ लिटर गेल्याने दाब चौथ्या हिश्शाहून कमीच उतरतो. गाडी धकून जाते.

आता जाताना आणि येताना काय फरक होता ते आठवा. जाताना गाडी भरलेली, इंजिन तापलेले, आणि टाकीही नुकतीच भरलेली, कारण पंपावर आमची उधारी होती, निघताना टाकी फुल्ल करायची सवय. येताना गाडी रिकामी, आणि टाकीही उतरलेली. आम्ही भार पाहिला, ताप पाहिला. टाकी कोणी पाहिली नाही. अर्ध्या तासात थंड होत होते इंजिन, पण गाडी चालू होत होती ती रबराच्या फटीतून हळूहळू शिरलेल्या हवेमुळे.

आपल्या नैयायिकांनी याला नाव दिलेय: उपाधी. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात उदाहरण आहे. धूर तिथे अग्नी, हे खरे; पण अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओले सरपण लागते. धूर आहे तिथे ओले सरपण आहेच, पण अग्नी आहे तिथे ते असेलच असे नाही. आमचे ओले सरपण म्हणजे भरलेली, तोंड आवळलेली टाकी. जिथे गाडी बंद पडली तिथे ती होतीच. जिथे इंजिन तापले तिथे प्रत्येक वेळी नव्हती.

मग दादांना दोन फेऱ्या मारायला लावल्या. एक, टाकी फुल्ल, झाकण घट्ट, पण गाडी रिकामी: बंद पडली. दुसरी, टाकी फुल्ल, कांदा भरलेला, भर दुपार, झाकण सैल करून फडके बांधलेले: सरळ सोलापूर. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही झाले. पहिल्या फेरीचे डिझेल फुकट गेले म्हणून दादा आठवडाभर बोलले नाहीत.

पण म्हणून उष्णता निर्दोष ठरत नाही हं. चार-पाच वर्षांनी त्याच गाडीला खरोखरच उष्णतेचा त्रास झाला. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, पण गरम असताना आयडलिंगवर बंद पडली की पुन्हा घेईचना. डिझेल तापले की पातळ होते. पंपातले प्लंजर आणि बॅरल यांच्यात जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. ती झिजून वाढली की पातळ डिझेल मागेच गळते आणि नोझलला दाब मिळत नाही. यासाठी मिस्त्री लोकांची परीक्षा आहे: बंद इंजिनाच्या पंपावर ओले फडके टाकायचे. फक्त पंपावर. तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतले तर बिडाला तडा जाऊ शकतो, आणि चालू पंपावर ओतले तर प्लंजर अडकू शकतो. फडक्याने गाडी चालू झाली तर संशय पंपावर.

इथे समोरच्या रांगेतून कोणी विचारील, "सर, फडके टाकेपर्यंत दहा मिनिटे गेली, त्याचे काय?" बरोबर आहे. म्हणून पुढच्या वेळी फडके न टाकता तेवढीच दहा मिनिटे थांबून सेल्फ मारायचा. आमची नुसती थांबून चालू झाली नाही, फडक्याने झाली. तेव्हा दादांनी आम्हाला न विचारता पंप उतरवला.