मृदाजल व शुष्क अरण्यांतील वृक्षवैविध्य

पावसाचे पाणी मुरल्यानंतर मातीच्या कणांमधील पोकळ्यांत जे टिकून राहते, त्यास मृदाजल म्हणतात. उष्ण कटिबंधातील शुष्क अरण्यांत वर्षातील बरेच महिने कोरडे जात असल्याने कोणता वृक्ष कोठे वाढेल, हे मोठ्या अंशी या साठ्यावर ठरते. वार्षिक पर्जन्यमानावरून अरण्याचा ढोबळ प्रकार कळतो. परंतु एकाच टेकडीवर, सारख्याच पावसात, हाकेच्या अंतरावर वृक्ष का बदलतात, याचा उलगडा त्यावरून होत नाही.

आर्द्र अरण्यांच्या मानाने येथे जाती कमी असतात. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टर क्षेत्रात सु. ३०० वृक्षजाती आहेत, तर तमिळनाडूतील मुदुमलाई येथे १९८८ पासून अभ्यासिल्या जाणाऱ्या तेवढ्याच क्षेत्रात सु. ७० आहेत. मात्र शुष्क अरण्याचे वैविध्य एका ठिकाणी मोजून पुरते समजत नाही. ते उतारावर विखुरलेले असते.

सातपुड्यातील बेसाल्टी डोंगरांवर ही विभागणी स्पष्ट दिसते. माथ्यावरील उथळ, मुरमाड मातीत पाणी फार काळ टिकत नाही. तेथील सालई, कांडोळ, मोई हे मऊ लाकडाचे वृक्ष खोडात पाणी साठवितात, पाने लवकर गाळतात आणि पर्णहीन अवस्थेतच फुलतात. उतारावरील खोल, निचऱ्याच्या मातीत साग, धावडा व तिवस वाढतात. सागास पाणी साचलेले मानवत नाही. सखल, चिकण जागी ऐन त्याची जागा घेतो. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज व उंबर भर उन्हाळ्यातही बहुधा हिरवे असतात. कोस्टा रीकातील शुष्क अरण्यांतही माती व खोड यांतील जलसाठाच वृक्षांचे वितरण आणि पालवी-फुलोऱ्याचा काळ ठरवितो, असे रोल्फ बोर्चर्ट यांनी १९९४ मध्ये दाखविले.

पाणी अधिक तेथे जाती अधिक, असा सरळ हिशेब मात्र मांडता येत नाही. भारी काळी माती पुष्कळ पाणी धरते. पण त्याचा बराच भाग सूक्ष्म कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो की, मुळांना तो ओढून घेता येत नाही. ती पावसाळ्यात चिबडते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. बाभूळ, पळस यांसारखे मोजकेच वृक्ष हे सोसतात.

खरी कसोटी रोपांची असते. मोठ्या वृक्षाची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचतात; रोपास वरचा थरच आधार असतो व तो आधी सुकतो. सालईच्या रोपांचा शेंडा कित्येक वर्षे दर उन्हाळ्यात वाळतो, मूळ मात्र जाड होत जाते आणि पुरेसा साठा झाल्यावरच खोड टिकते. म्हणून माथ्यापासून नाल्यापर्यंत एकाच जातीची लागवड करणे चुकीचे ठरते.

नाल्याकाठचा पट्टा क्षेत्राने लहान, पण इतरत्र न जगणाऱ्या जातींचा आश्रय असतो. तोड झाल्यास किंवा उपशामुळे भूजल खाली गेल्यास त्या प्रथम नाहीशा होतात. जांभळाचे बी थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावीत असल्याने मातीत पडून राहून पुढील पावसाळ्यात त्यापासून रोप येत नाही.