कंबरेतली चमक आणि पायात उतरणारी कळ

हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की महागाई, मुलांचे मार्क आणि कंबर हे तीन विषय निघाल्यावाचून राहत नाहीत. पहिल्या दोहोंवर आपण तावातावाने बोलतो. कंबरेच्या बाबतीत मात्र "चालायचंच, बाईच्या जातीला लागलेलंच आहे ते" म्हणायचं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायचं! पण सगळी कंबरदुखी एकसारखी नसते. आपोआप बरी होणारी कोणती आणि अंगावर काढू नये अशी कोणती, एवढं तरी आपल्याला ओळखता यायला हवं.

बादली उचलताना, गादी उलटताना, कधी नुसतं शिंकताना पाठीत चमक भरते आणि माणूस जागच्या जागी वाकडा होतो, ती आपली ओळखीची उसण. पाठीचे स्नायू आणि मणक्यांचे लहान सांधे यांची ही कुरबुर. दुखणं कंबरेत, फार तर मांडीपर्यंत राहतं. गावाकडे अशा वेळी पायाळू माणसाला बोलावून पाठीला त्याचा पाय लावून घेत, आणि उसण जायचीही! कारण बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच जाते. यश मात्र पाय लावणाऱ्याच्या पदरात पडतं. (महागड्या तेलांचं यशही बरंचसं असंच, असं आपलं माझं मत.)

दुसरं दुखणं शिरेचं. आपण "शीर दबली" म्हणतो ती रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू. कंबरेच्या पाच मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. बाहेरून चिवट, आतून गरासारख्या मऊ. वरचं आवरण फाटून आतला गर बाहेर आला आणि शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला टेकला, की गडबड कंबरेत होते पण ठणकतो पाय. कंबरेतून निघणारे हे तंतू एकत्र येऊन शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू बनतो, जवळजवळ बोटाएवढा. तो कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने उतरतो आणि त्याचे फाटे थेट पावलापर्यंत जातात. म्हणून सायटिकाची कळ विजेच्या झटक्यासारखी गुडघ्याखाली येते, खोकलं-शिंकलं की वाढते, बोटांना मुंग्या येतात. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. म्हणजे दुखणं फार जुनं. पण चकतीचा आणि पायाचा हा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी जगापुढे नीट मांडला तो 1934 साली.

"चकती सरकली" हे शब्द ऐकूनच कित्येकींचे हातपाय गळतात. तसं घाबरायचं कारण नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा हळूहळू आकसतो आणि बहुतेकींचा पाय दीड ते तीन महिन्यांत बराच सुधारतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. एमआरआयच्या कागदावर "झीज" लिहून आली म्हणून रडत बसू नये. चाळिशी-पन्नाशीत काहीही न दुखणाऱ्यांच्या मणक्यांतही ती दिसते. केस पिकावेत तसंच ते.

पण काही खुणा अशा आहेत, की तिथे मुलांची परीक्षा, घरातलं कार्य, काही आड येऊ देऊ नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना आणि चप्पल आपोआप निसटू लागली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. लाजेपायी हे सांगायचं राहून जातं, आणि मग वेळ निघून जाते. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यांकडेही दुर्लक्ष नको. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही दिसतो. पाळी गेल्यावर साध्या पडण्यानंतर पाठ धरली, तर हाड तपासून घ्यावं.

आता विश्रांतीचं. पूर्वी डॉक्टर तीन-तीन आठवडे फळीवर निजवत. 1995 साली हेलसिंकीत महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपेल तेवढं रोजचं काम करायला सांगितलं. लवकर सुधारले ते तिसऱ्या गटातले! सायटिकातही सतत पडून राहण्याने विशेष लाभ होत नाही. मात्र ही बातमी घरात वाचून दाखवताना जरा सांभाळून. "बघ, डॉक्टरही काम करायलाच सांगतात" असं ऐकावं लागेल. हालचाल म्हणजे चालणं, अंग मोकळं ठेवणं. सलग दोन तास वाकून धुणं बडवणं नव्हे. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ 30 किलोंचा असतो. तो सरकवायला घरातल्या धडधाकट माणसाला हाक मारावी, आणि त्याचं पेपर वाचून होईपर्यंत थांबावं, स्वतः हात घालू नये.

ओटा कोपरापासून चार बोटं खाली असावा. फार ठेंगणा असेल तर कणीक टेबलावर मळावी. पोळ्या लाटताना एक पाय बुटक्या पाटावर ठेवावा, मधून मधून बदलावा. कंबरेला फरक लगेच कळतो. मी वर्गात फळ्याशी उभी असतानाही हेच करते, मुली हसतात. केरसुणीला लांब दांडा, एका मोठ्या बादलीऐवजी दोन अर्ध्या, भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या. खाली पडलेलं उचलताना गुडघे वाकवावेत आणि वस्तू अंगाशी धरावी.

शेकाने बरं वाटत असेल तर जरूर घ्यावा, पण बधिर जागी नको. भाजलेलं कळत नाही. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून, खाऊन, चार दिवस. महिनोन्‌महिने नव्हे, मूत्रपिंडं बिघडतात. कुणी दिलेली नाव नसलेली पुडी तर मुळीच नको. तिच्यात स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार झाले आहेत.

आणि सकाळी उठताना सरळ उसळून उठू नये. आधी कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत, हाताच्या रेट्याने बसावं, मग उभं राहावं. दूध दोन मिनिटं उशिरा तापलं तरी चालतं.