शेळी, जंगल आणि चराईचा हिशेब

शेळी शिरली की रान संपले, हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो निराधारही नाही. हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी पाळली, तेव्हा कुठे तिथले उघडे डोंगर सावरले. गालापागोस बेटांपैकी सांतियागो आणि उत्तर इसाबेला इथल्या रानटी झालेल्या शेळ्या २००६ पर्यंत हटवाव्या लागल्या, कारण महाकाय कासवांचा चाराच त्या फस्त करत होत्या. या दोन्ही दाखल्यांमागचे कारण मात्र एकच आहे. चराई मोकाट आणि बारमाही होती, त्यामुळे खुडलेल्या झाडाला नवा फुटवा धरायला उसंतच मिळत नव्हती. शेळ्या किती, कुठे आणि किती दिवस, हे ठरवले तर खुडण्याची तीच सवय वनव्यवस्थापनाच्या उपयोगी पडते.

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात हे सरकारी धोरणच आहे. तिथे मेंढपाळांना जाळरेषांवर, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर, कळप चारण्याचा मोबदला मिळतो. चढ, झुडपांची दाटी आणि वाड्यापासूनचे अंतर पाहून दर ठरतो, आणि झाडोरा खरोखर कमी झाला की नाही याची पाहणीही होते. मेंढी मुख्यतः गवत खाते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून झुडपांची पाने आणि कोवळे शेंडे ओरबाडते, म्हणजे जमिनीवरची आग झाडाच्या माथ्यापर्यंत चढवणारा मधला थरच विरळ करते. कॅलिफोर्नियातल्या रेगन ग्रंथालयाभोवतीचे १३ एकर रान मे २०१९ मध्ये सुमारे ५०० शेळ्यांनी साफ केले होते. त्याच ऑक्टोबरात वणवा तिथवर आला, तेव्हा हा पट्टा अग्निशमन जवानांच्या कामी आला. शेळ्यांनी आग विझवली असा याचा अर्थ नव्हे. त्यांनी जळण कमी केले आणि विझवणाऱ्यांना वाव दिला.

‘शेळी काहीही खाते’ हा समज या कामात सर्वांत महाग पडतो. शेळी निवड करते, आणि तिची निवड वनपालाच्या निवडीशी जुळेलच असे नाही. नको असलेल्या काटेरी झुडपाआधी ती नुकते लावलेले रोप खुडू शकते. चारा कमी पडला की खोडाची साल सोलते, आणि साल भोवताली निघाली तर झाड वाळते. म्हणून रोपांचे शेंडे तिच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर जाईपर्यंत रोपवन तिला बंदच हवे. उलट बाजूने, घाणेरीवर शेळ्या सोडणे हा उपाय नाही, कारण घाणेरीचा पाला त्यांना विषारी आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा त्या आवडीने खातात, पण काही बिया लेंड्यांतून शाबूत निघून भलतीकडे रुजतात. त्यामुळे वनस्पती आणि हंगाम न पाहता कळप सोडला, तर ज्या झुडपाला हटवायचे तेच पसरण्याची भीती असते.

‘एकदा चारले की काम झाले’ हेही खरे नाही. शेळी पाने खाते, मूळ नाही. मुळांतला साठा संपेपर्यंत झुडूप पुन्हा फुटत राहते, म्हणून पाने भरात असताना, बी धरण्यापूर्वी, ओळीने दोन-तीन हंगाम चराई करावी लागते. शिवाय राखणदार, कुंपण, पाणी आणि हिंस्र प्राण्यांपासून संरक्षण यांचा खर्च असतोच. सपाट जागी यंत्र स्वस्त पडेल. तीव्र उतारावर, खडकाळ जागी मात्र कळपाची बाजू वरचढ ठरते. इथे एक आक्षेप रास्त आहे: अशी मुभा दिली तर तिच्या आडून मोकाट चराई परत येईल. येऊ शकते, पण त्यावर सरसकट बंदी हे उत्तर नाही. हद्द आखलेली जागा, ठरलेली संख्या, परतीची तारीख आणि कामाची पाहणी असेल, तरच जंगलात कळप न्यावा. यातले एक जरी नसेल तर जुनी बंदीच बरी. या अटी पाळणाऱ्या मेंढपाळाला दंडाऐवजी मजुरी द्यायला हवी.