लोखंडाची नक्षी

भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा येथील खनिजापासून या भट्टीत लोखंडाचा पातळ रस वाहू लागला. परंतु त्याच मध्य भारतात अगरिया जमातीचे लोक कित्येक पिढ्या निराळ्या रीतीने लोखंड करीत आले होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांची सविस्तर नोंद केली आहे.

अगरियांची भट्टी मातीची व लहान असे. तीत खनिज व लोणारी कोळसा घालून पायाने तुडवावयाच्या भात्यांनी हवा देत. कोळशापासून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेई व लोखंड मोकळे होई. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढी उष्णता या भट्टीत होत नसे. म्हणून लोखंड घट्टच राही आणि मळी मात्र पातळ होई. भट्टीतून निघालेला सच्छिद्र गोळा घणाखाली ठोकला, की उरलीसुरली मळी बाहेर पडे.

या रीतीत लोखंडात कर्ब फारच थोडा मिसळतो. झोतभट्टीतील बिडात मात्र कर्ब शेकडा ४ च्या आसपास असतो. त्यामुळे बीड साच्यात ओतता येते, पण हातोडा बसताच फुटते. कर्ब कमी तेवढे लोखंड नरम. वेल, पाने किंवा हरणाची शिंगे घडवावयाची ती अशाच लोखंडातून.

कोंडागाव परिसरातील लोहशिल्पी दिवे, पशुपक्षी व देवतांच्या मूर्ती घडवितात. त्यांच्याजवळ उष्णतामापक नसतो. लोखंडाचा रंग हाच त्यांचा मापक होय. नारिंगी झालेली सळई सहज वाकते. काळपट लाल झाल्यावर ती ठोकणे धोक्याचे असते, कारण तिला चीर पडते. दोन तुकडे सांधावयाचे तर ते जवळजवळ पांढरे होईपर्यंत तापवितात. वाळू टाकली असता ती पृष्ठावरील गंजासारख्या थरात मिसळून पातळ होते व घणाच्या घावासरशी बाहेर उडते. मग शुद्ध धातू धातूला भिडून एकजीव होतो.

नक्षीदार कुलपात याहून कठीण प्रश्न असतो. जुन्या कमानीच्या कुलपात दांड्यावरील पात्या आत जाताच उघडतात व दांडा अडकवितात. किल्ली त्यांना दाबून मिटविते. कुलपाचा देह नरम लोखंडाचा चालतो, परंतु पाती वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे. त्यासाठी अधिक कर्बाचे पोलाद घेऊन त्यास पाणी देतात, म्हणजे तापवून एकदम थंड करतात. नंतर हलकेच पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवितात. पाणी कमी पडले तर पाती लवलेलीच राहते, अधिक झाले तर मोडते.

अगरियांच्या बहुतेक भट्ट्या आता विझल्या आहेत. आजचा लोहशिल्पी बाजारातील सळया, पत्रे व मोड वापरतो. भिलाईसारख्या कारखान्यांत बिडातील बराचसा कर्ब प्राणवायूने जाळून नरम पोलाद करतात. तेच त्याच्या ऐरणीवर येते. धातू अशा रीतीने कारखान्यातून मिळू लागला; रंग पाहून घण घालावयाचा नेमका क्षण ओळखणारी दृष्टी मात्र कारखान्यातून मिळत नाही. ती एका हाताने दुसऱ्या हाताला, ऐरणीपाशीच, शिकवावी लागते.