शिडाच्या कापडाची परीक्षा

शीड फाटले की दोष वादळाला दिला जातो. पण वादळ बहुतेक वेळा शेवटचा धक्का देते. त्याआधी महिनोन्‌महिने ऊन खाऊन, वाऱ्यात फडफडून आणि डोलकाठीच्या तारांवर घासून कापड आतून खचलेले असते. म्हणून शिडासाठी कापड निवडताना धागा किती ताणाला तुटतो, एवढाच आकडा बघून भागत नाही. जुने झाल्यावर ते कापड कसे वागेल, हे आधी विचारावे लागते. या कसोटीवर लांब पल्ल्याच्या होडीसाठी घट्ट विणीचे पॉलिएस्टर आजही सर्वांत शहाणपणाची निवड आहे, असे माझे ठाम मत आहे.

पॉलिएस्टरचा हा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली शोधला गेला आणि १९५०च्या दशकापासून त्याने सुती शिडांची जागा घेतली. सुती शीड पाणी पिऊन जड होई, ओले गुंडाळले तर बुरशीने कुजे; नव्या धाग्याला ही खोड नव्हती. मात्र नुसते ‘पॉलिएस्टर’ म्हटल्याने काहीच ठरत नाही, कारण खरा फरक विणीत आहे. विणताना धागे एकमेकांच्या वरखाली वळसे घेतात. ताण आला की हे वळसे सरळ होतात आणि कापड लांबते. उरेब दिशेला तर ताण पेलायला धागाच नसतो. तिथे विणीचा घट्टपणा एवढाच आधार. चांगला कारखाना मुळातच दाट विणतो, मग कापड तापवतो. धागे आखडतात, एकमेकांना आणखी आवळतात. स्वस्त मालात वीण सैल ठेवून फटी राळेने भरतात. असे कापड हाताला अधिक कडक, अधिक भरदार लागते आणि गिऱ्हाईक फसते. परीक्षा सोपी आहे. तुकडा उरेब ओढून पाहावा, मग मुठीत चांगला चुरगाळावा आणि पुन्हा ओढावा. राळ तडकल्यावर तो पहिल्यापेक्षा बराच ताणला जात असेल, तर कडकपणा राळेचा होता, विणीचा नव्हता. समुद्रावर काही आठवड्यांची फडफड हेच काम करते.

यावर शर्यतीचे खलाशी म्हणतील की अ‍ॅरामिड किंवा कार्बनच्या धाग्यांचे, पातळ पडद्यांत चिकटवलेले शीड आकार कितीतरी चांगला धरते. ते खरे आहे, आणि ही बाब किरकोळ नाही: पोट सुटलेले शीड होडीला पुढे ढकलण्याऐवजी कलंडवते. पण अ‍ॅरामिड उन्हात आणि वारंवार दुमडल्याने लवकर दुबळे होते, कार्बन घडीवर मोडतो, आणि दमट उष्ण हवेत थर सुटून मध्ये बुरशी शिरते. दोन-चार मोसमांनी नवे शीड घेणाऱ्याला हे परवडते. विणलेले पॉलिएस्टर आकार हळूहळू सोडते, पण एकाएकी दगा देत नाही.

शिवाय दुरुस्तीचा प्रश्न आहे. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठल्याही बंदरात न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून अभिलाष टोमी यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई सोडली आणि तशीच प्रदक्षिणा करून मार्च २०१३ अखेर ते मुंबईला परतले. अशा सफरीत शीड शिवायला कारागीर मिळत नाही. विणलेल्या कापडाला सुई, मेणाचा दोरा आणि ठिगळ पुरते. थर सुटलेल्या शिडाला यातले काहीच उपयोगी पडत नाही.

हलके कापड मंद वाऱ्यात छान फुगते, हा आक्षेपही रास्त आहे. त्यासाठी नायलॉनचे वेगळे शीड ठेवावे. मुख्य शिडाच्या वजनात काटकसर नको. सुमारे दहा मीटरच्या, जड बांध्याच्या होडीला दर चौरस मीटरला साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचे कापड योग्य ठरते. आणि कापडाइतकीच चौकशी दोऱ्याची करावी. घट्ट कापडात टाका रुतत नाही, वर उभा राहतो. त्यामुळे ऊन आणि घासणी आधी त्यालाच खाते, आणि धडधाकट कापडाचे शीड शिवणीवर उसवते. नागमोडी टाक्यांच्या तीन ओळी, उन्हाला टिकणारा दोरा आणि शीड वापरात नसताना त्यावर आच्छादन, एवढे शिवून घेतानाच ठरवून टाकावे.