ऊन उतरल्यावरच तबकडी

पहाटे साडेपाच

मे महिन्यात अकोल्यात नळाचं पाणी हाताला गार लागतं ते एवढ्याच वेळेपुरतं. म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्या धुवायचं काम सगळ्यात आधी. ओट्यावर जुना टॉवेल, डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मधल्या कागदी लेबलावर प्लॅस्टिकची डबी दाबून धरायची, थेंबही जाता कामा नये. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. तिला चुकूनही स्पिरिट लावलं की लाख विरघळते आणि गाणं पुसलं जातं. एलपी व्हिनाइलची, तिला ते भय नाही. तिचं भय ऊन. म्हणून माझा सगळा दिवस उन्हाच्या हिशोबानं चालतो.

सात

धुतलेल्या तबकड्या उभ्या करून वाळत ठेवल्या की चहा घेता घेता लेबलं वाचायची. आवाज संगणकावर घ्यायच्या आधी कागदावरचं सगळं वहीत उतरवतो: कंपनी, क्रमांक, गायक, वादक, आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला साच्याचा क्रमांक. तो बॅटरी तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. लेबल फाटलं तरी हा क्रमांक टिकतो, आणि त्यावरून तबकडीची ओळख पटते.

आज हाती ‘यंग इंडिया’ची एक तबकडी आहे. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला भजन. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३५मध्ये हे लेबल काढलं. कारखाना वडाळ्याला होता. बाजार एचएमव्हीच्या मुठीत होता, नावाजलेले गायक त्यांच्याकडे बांधलेले. मग यंग इंडियानं हौशी, नवख्या, कुणी दारात उभं न केलेल्या गळ्यांना माइकसमोर उभं केलं. १९५५च्या सुमारास कंपनी बंद पडली. माझ्या मते आपल्याकडच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे, आणि मराठीत त्यावर फार कमी लिहिलं गेलंय. यातले कितीतरी गळे दुसरीकडे कुठे ऐकायलाच मिळणार नाहीत.

साडेनऊ

सुई बदलायची. ७८ची खाच रुंद, तिला साधारण तीन मिलची सुई लागते, म्हणजे इंचाचा तीन हजारांश भाग. एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त येते. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. खरखर मी पुसत नाही. मूळ आहे तसं ठेवतो आणि साफ केलेली प्रत वेगळी करतो. सफाईच्या नादात गायकाचा श्वास कापला गेलेला मी ऐकलाय.

अकराला लाइन गेली. हातातलं काम तिथंच थांबलं.

साडेबारा

अमरावतीची एसटी. डोक्याला दुपट्टा, हातात रिकामी खोकी. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. जाताना खोकी रिकामी असतात म्हणून भर दुपारी निघायला हरकत नाही. भरलेली खोकी घेऊन मात्र सूर्य मावळायच्या आत परतायचं नाही. खिडकीशी ठेवलेली एलपी मूर्तिजापूर यायच्या आतच वाकडी होते.

तीन

अमरावतीत अंबादेवीकडच्या एका गल्लीतलं जुनं घर. घरातले काका गेले, तबकड्या राहिल्या. काकूंनी माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, “भाऊ, आता हे कोनाच्या कामाचं आहे?” मी म्हटलं, “काकू, आधी पाहू तर द्या.” नाट्यगीतं, अभंग, सिनेमाची गाणी, आणि खाली शोभा गुर्टू यांची ठुमरीची एलपी. कव्हरच्या आत काकांच्या हस्ताक्षरात खरेदीची तारीख. काकूंनी ती बराच वेळ हातात धरली. ती एलपी मी मागितली नाही. आवाज घेऊन परत आणून देईन म्हणालो.

शोभाताई बेळगावच्या. त्यांच्या मुलानं, त्रिलोक गुर्टूनं, तबल्यापासून सुरुवात केली आणि पुढं युरोपात जॅझ वाजवला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सीएमपी या छोट्या जर्मन लेबलवर त्याचा ‘उसफ्रेत’ निघाला. त्यात आईचं गाणं आहे आणि डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे. मोठ्या कंपनीत हा घाट जमला असता असं मला वाटत नाही. आणि डॉन चेरीचा माग काढत मागं गेलं की माणूस न्यूयॉर्कला, ‘ईएसपी-डिस्क’ या छोट्या लेबलच्या दारात पोचतो.

साडेसात

अंधार पडल्यावर खोकी उभी बांधून घरी परत. आडवी ठेवली की वरच्यांच्या वजनानं खालच्या तडकतात.

दहा

बाहेर वारा सुटला की माझ्यासाठी एक तबकडी. आज त्याच ईएसपी-डिस्कची, जॅझवादक अल्बर्ट आयलरची ‘स्पिरिच्युअल युनिटी’. शेजारचा मुलगा दारात येऊन उभा. “काहून काकाजी, मशीन बिघडली का?” मी त्याला बसवलं. टेनर सॅक्सोफोन साधी, लहान मुलानंही गुणगुणावी अशी धून घेतो आणि मग ती फाडत, ओरडत, थरथरवत नेतो. ड्रमवर सनी मरे, पण ठेका नाही. झांजांचा सतत झिरपणारा आवाज. “याले सम कुठं हाय?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, सम शोधू नकोस, गॅरी पीकॉकच्या बासकडे कान दे, तो तिघांना धरून ठेवतोय. तो शेवटपर्यंत बसला. तशी ती लांबही नाही, सगळी मिळून अर्ध्या तासाची.

१० जुलै १९६४ला न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रित झालं. ईएसपी-डिस्क काढणारा बर्नार्ड स्टॉलमन व्यवसायानं वकील, एस्पेरांतो भाषेचा कट्टर पुरस्कर्ता. लेबलचं नावही त्या भाषेवरूनच, आणि पहिली तबकडीही एस्पेरांतोतल्या गाण्यांचीच. आयलरची दुसरी, क्रमांक १००२. काय वाजवायचं ते कलाकारच ठरवेल, असं त्यांच्या कव्हरवर छापलेलं असे. आणि ते त्यांनी पाळलं: सन रा, फॅरो सँडर्सची पहिली तबकडी, ऑर्नेट कोलमनचा १९६२चा टाउन हॉलमधला कार्यक्रम. यांतलं बरंचसं दुसरं कुणी तेव्हा छापलंच नसतं.

पण वाजवण्याचं स्वातंत्र्य मिळालं तरी पैसा मिळाला नाही. कितीतरी वादकांनी जाहीरपणे सांगितलं की रॉयल्टी हाती आली नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लेबल थांबलं, २००५मध्ये स्टॉलमननं ते पुन्हा सुरू केलं, २०१५मध्ये तो गेला. आयलर मात्र १९७०मध्येच गेला, चौतिसाव्या वर्षी. ईस्ट रिव्हरमध्ये त्याचा देह सापडला. स्टॉलमनचं मी ऋण मानतो, आणि ही बाकीही तितकीच खरी मानतो.

साडेअकरा

वहीत दिवसाची नोंद. साच्याच्या क्रमांकाशेजारी माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे: गायकाच्या घरी प्रत पोचली का. यंग इंडियाच्या त्या हौशी गायकाचं आडनाव वऱ्हाडातलं आहे. परतवाड्याकडे त्या आडनावाची घरं बरीच आहेत. उद्या सकाळी तबकड्या धुऊन झाल्या की तिकडे फोन लावायला घेतो. घर सापडलं तर पहिली प्रत त्यांची, आणि लेबलावर दोन वादकांची नावं आहेत, तर मग त्यांच्याही घरांची.