रुग्णालयीन कर्मचारी आणि प्रतिपिंड चाचणी

विषाणूला ओळखून निष्प्रभ करण्यासाठी शरीराची प्रतिकारयंत्रणा जी प्रथिने तयार करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आरटी-पीसीआर चाचणी नाका-घशातील स्रावात करोना विषाणूचा जनुकीय अंश शोधून चालू संसर्ग दाखवते, तर प्रतिपिंड चाचणी रक्ताच्या नमुन्यातून होऊन गेलेला संसर्ग उघड करते. त्यामुळे लक्षणे न जाणवलेले कर्मचारीही संसर्ग झालेल्यांच्या मोजणीत येतात.

ब्रिटनमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ रुग्णालयांत २०२० मध्ये १२,५४१ कर्मचाऱ्यांची, विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यांसारख्या ‘स्पाइक’ प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी तपासणी झाली. सुरुवातीला ही प्रतिपिंडे नसलेल्या ११,३६४ जणांपैकी २२३ जणांची पीसीआर चाचणी पुढे पॉझिटिव्ह आली. सुरुवातीला किंवा नंतर प्रतिपिंडे आढळलेल्या १,२६५ जणांपैकी मात्र केवळ दोघांची आली आणि त्या दोघांनाही लक्षणे नव्हती. पूर्वीच्या संसर्गाने निदान काही महिने संरक्षण मिळते, हे त्यातून दिसले.

तथापि, प्रतिपिंडे मोजण्याजोगी होण्यास साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात, कालांतराने त्यांचे प्रमाण घटते आणि विषाणूचे नवे उपप्रकार त्यांना अंशतः चकवू शकतात. म्हणूनच चाचणीचा निकाल काहीही असो, कर्मचाऱ्यांनी मास्क व हातांची स्वच्छता सोडू नये आणि रुग्णालयांनी त्यांच्या संरक्षक साधनांत काटकसर करू नये.